ड्रिलवाल्याची दाढ

भिंतींना भोकं पाडायची यंत्रं विकण्यात ज्याने उभं आयुष्य घालवलं, त्याच्या स्वतःच्या दाढेला भोक पडलं तर त्याने ते खिलाडूपणाने घ्यायला हवं. पण सेक्रेटरींचा खिलाडूपणा दुकानापुरता होता. आणि खरं सांगायचं तर भोकाबद्दल त्यांची फारशी तक्रार नव्हतीच. तक्रार होती ती भोक बुजवण्याबद्दल. बुजवायच्या आधी डॉक्टर ते आणखी मोठं करतात, आणि ते कशाने करतात हे त्यांच्याइतकं अख्ख्या बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं.

सेक्रेटरी हे काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. इमारतीच्या कमिटीचं सेक्रेटरीपद त्यांच्याकडे इतकी वर्षं होतं की खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलं होतं. बायकोही रागावली की त्यांना सेक्रेटरीसाहेब म्हणायची. कोपऱ्यावर त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. तिथे खिळे, कुलपं, नळ सगळं मिळायचं, पण त्यांचा जीव अडकलेला ड्रिलमध्ये. गिऱ्हाईक आलं की काउंटरशेजारच्या काँक्रीटच्या ठोकळ्यात ते एका हाताने भोक पाडून दाखवायचे. दुसऱ्या हातात चहाचा कप असायचा आणि बशीत थेंब सांडायचा नाही. नुसत्या आवाजावरून ते सांगत की पुढचं टोक, म्हणजे बिट, बोथट झालंय, की बेअरिंग गेलंय, की चालवणारा गाढव आहे. या तिसऱ्या निदानात ते सहसा चुकत नसत.

हीच विद्या त्यांच्या मुळावर आली होती. तुम्हीआम्ही दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसतो तेव्हा आपल्या कानात नुसता एक किरकिरा आवाज शिरतो. आपण अडाणी, म्हणून सुखी. सेक्रेटरींना त्याच आवाजात सैल बेअरिंग ऐकू यायचं, झिजलेलं बिट ऐकू यायचं, आणि बिट निसटलं तर ते गालातून कुठल्या कोनात बाहेर पडेल याचा हिशेबही आपोआप मांडला जायचा. कॉलेजात असताना एकदा त्यांची दाढ कोरून भरली होती. त्या डॉक्टरच्या मशीनचं बेअरिंग खडखडत होतं, हे त्यांनी खुर्चीतूनच सांगायचा प्रयत्न केला होता, पण तोंडात चार बोटं असताना यांत्रिक बिघाडाचं वर्णन करणं अवघड असतं. त्यानंतर दाताच्या कुठल्याही डॉक्टरपुढे त्यांनी तोंड उघडलं नाही.

ड्रिल विकणारा माणूस ड्रिलला भितो, हे बाहेर फुटलं असतं तर दुकानाची शोभा झाली असती आणि कमिटीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. बायकोपुढे तर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "मला कसली भीती? मला वेळ नाही."

आता गंमत अशी की बायकोचीही एक दाढ दुखत होती, आणि तीही डॉक्टरकडे जायला तयार नव्हती. त्यामुळे त्या घरात एक चमत्कारिक करार झालेला होता. हे म्हणायचे, आधी तू दाखव, मग मी. ती म्हणायची, आधी तुम्ही, मग लगेच मी. सुशिक्षित दांपत्यातला हा सभ्यपणा वर्षभर चालला होता आणि दोन्ही दाढा आनंदाने किडत होत्या. पुढे पुढे मात्र तिची दाढ फारच ठणकायला लागली. तोंडात गार हवा गेली की कळ यायची, म्हणून तिने हसणं सोडून दिलं. या बाईचं हसणं म्हणजे सात मजली. कुणी जिन्यात घसरलं तरी आधी हसायची, मग आयोडीन आणायची. ती ओठ मिटून घरात वावरायला लागली आणि घर कसं सुतकी झालं. सेक्रेटरींना स्वतःच्या कळेपेक्षा हे जास्त खुपायचं. आपण गेलो तर ती जाईल हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि आपण जाणार नाही हेही.

इमारतीच्या तळमजल्यावरच दाताचा दवाखाना होता. डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई, हसतमुख आणि चिवट. त्यांनी दातांसाठी लेझरचं मशीन आणून ठेवलं होतं आणि ते अजून खोक्यातच होतं, कारण त्याला विजेची वेगळी लाइन लागणार होती, दारावर मशीन चालू असताना पेटणारा लाल दिवा लागणार होता, आणि या दोन्हींना कमिटीची परवानगी लागणार होती. परवानगी कुणी अडवून धरली होती हे सांगायला नकोच. लाल दिव्याने इमारतीची अब्रू जाईल, जादा विजेने मीटर जळतील, आणि लेझरचे किरण भिंतीतून आरपार जाऊन रहिवाशांच्या जीवितास अपाय करतील, असे तीन मुद्दे सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. ‘जीवितास’ हा शब्द लिहिताना त्यांना विशेष समाधान वाटलं होतं.

तिसऱ्यांदा नकार द्यायला ते स्वतः दवाखान्यात गेले. त्या दिवशी त्यांचा उजवा गाल बराच सुजलेला होता. डॉक्टरीणबाईंनी नकाराचा कागद घेतलाच नाही, गालाकडे बघत राहिल्या. कधीपासून दुखतंय, असं त्यांनी विचारलं. सेक्रेटरी म्हणाले की आपण कमिटीच्या कामासाठी आलो आहोत, गाल हा आजच्या विषयपत्रिकेत नाही.

"बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण काका, ज्या मशीनला तुम्ही नाही म्हणताय, त्यात ड्रिल नसतं, हे तरी माहीत आहे का तुम्हाला?"

सेक्रेटरी दारातून परत फिरले. "ड्रिल नसतं म्हणजे?"

म्हणजे काय, ते बाईंनी समजावून सांगितलं. दात बाहेरून दगडासारखा दिसला तरी त्याच्या आत थोडं पाणी असतं. या लेझरचा उजेड त्या पाण्यात पटकन शोषला जातो. पाण्याची क्षणात वाफ होते, वाफेला जागा अपुरी पडते, आणि ती दाताचा बारीकसा कण उडवून बाहेर पडते. असे कण उडत उडत कीड निघून जाते. किडलेल्या भागात पाणी जास्त असतं, म्हणून तो आधी उडतो आणि चांगला दात बराचसा मागे राहतो. मशीनचं टोक दाताला टेकवावंही लागत नाही. आवाज येतो तो मक्याच्या लाह्या फुटल्यासारखा, आणि बरेचदा इंजेक्शनसुद्धा लागत नाही.

"फिरत काहीच नाही?" सेक्रेटरींनी खात्री करून घेतली. "चक? बिट? बेअरिंग?"

"काही नाही. उजेड आणि गार ठेवायला पाण्याचा फवारा, बस."

काहीही न फिरवता भोक पाडायचं, हे त्यांच्या धंद्याच्या तत्त्वात मुळीच बसत नव्हतं. पण तत्त्व दुकानात होतं आणि दाढ तोंडात. त्यांनी कागदाची घडी करून खिशात टाकली आणि कमिटी या प्रकरणाचा सहानुभूतीने फेरविचार करील असं जाहीर केलं. डॉक्टरीणबाईंनी तेवढ्यात विचारून घेतलं की पूर्वी कधी दाढ भरली होती का, काय भरलं होतं. ती माहिती खाजगी आहे, असं सांगून सेक्रेटरी निघाले. एकदा तपासून तर घ्या, असं त्या मागून म्हणत होत्या, पण लाइन येईपर्यंत तोंड उघडायचं नाही असा ठराव त्यांनी जिना चढता चढता मनातल्या मनात मंजूर केला.

स्वतःच घातलेला बांध स्वतःच फोडायचा म्हणजे काय असतं, ते त्यांना सभेत कळलं. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहायचे. नोकरीत त्यांनी फक्त रस्ते केले होते, पण मत कशावरही देत. ते उभे राहिले आणि सेक्रेटरींचेच तीन मुद्दे त्यांनी सेक्रेटरींना तोंडपाठ म्हणून दाखवले. किरण भिंतीतून आरपार जातात असं मागच्या सभेत आपणच म्हणाला होतात ना? सेक्रेटरी म्हणाले, जात असावेत असं म्हणालो होतो. मग आता जात नाहीत का? आता जात नसावेत. हा फरक कशामुळे पडला? अभ्यासामुळे, सेक्रेटरी म्हणाले, आणि पाणी प्यायले. पाणी गार होतं. उजव्या बाजूने कळ मस्तकात गेली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची विषयावरची तळमळ बघून मागच्या रांगेतल्या दोघांना गहिवरून आलं.

मग पहिल्या मजल्यावरच्या वहिनी उठल्या. दवाखान्याच्या बरोबर वर त्यांची झोपायची खोली. त्यांचं सगळं ज्ञान फोनमधल्या व्हिडिओतून आलेलं, त्यामुळे त्याला आदि होता पण अंत नव्हता. लेझरने लोखंडाचे पत्रे कापतात हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. जे पत्रा कापतं ते आमचा पलंग सोडेल का, हा त्यांचा सवाल. दाताला लवंग लावावी, नाहीतर तेलाच्या गुळण्या कराव्यात, नाहीतर दोरा बांधून दार लोटावं, अशा तीन पर्यायी योजना त्यांनी सभेपुढे मांडल्या. दाराच्या योजनेला बराच पाठिंबा मिळाला.

सेक्रेटरी मग जरा जास्तच बोलून गेले. या मशीनवर आपला पूर्ण विश्वास आहे, ते म्हणाले, भ्यायचं काही कारण नाही, भिणाऱ्यांनी घरात बसावं. इंजिनिअरसाहेब याचीच वाट बघत होते. त्यांनी शांतपणे उपसूचना मांडली की परवानगी द्यावी, पण पहिली दाढ सेक्रेटरींची असावी आणि कमिटी त्या वेळी जातीने हजर असावी. टाळ्या पडल्या. टाळ्या विरतात न विरतात तोच मागून बायकोचा आवाज आला, ओठ मिटल्या मिटल्या बोलल्यासारखा.

"आणि यांची झाली की लगेच माझी."

ठराव एकमताने मंजूर झाला. सेक्रेटरींनी विरोधात हात वर करायचा विचार केला होता, पण तोवर मोजणी संपली होती.

आता विजेची लाइन. मीटरच्या खोलीतून दवाखान्यात वायर न्यायची तर मधल्या भिंतीला एक भोक हवं होतं. वायरमन आपली हत्यारं काढत होता, पण सेक्रेटरींनी त्याला बाजूला केलं. या इमारतीत भोक पाडायचं आणि ते दुसऱ्याने, हे शक्य नव्हतं. दुकानातलं सगळ्यात दणकट ड्रिल आलं. मंडळी जमली. सेक्रेटरींनी पायऱ्यांवरच्या सगळ्यांना मागे सरकवलं, भिंतीवर बोटाने टकटक केलं, जाणकारासारखी मान डोलवली आणि मशीन सुरू केलं.

कुठलं ड्रिल मुकाट्याने चालतं? भिंतीचा हादरा मनगटात आला, मनगटातून खांद्यात, खांद्यातून जबड्यात, आणि थेट त्या दाढेत जाऊन बसला. सेक्रेटरींनी डोळे घट्ट मिटले. डोळे मिटून ड्रिल चालवू नये, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलेले. क्षणभराने भिंतीतून पाण्याची चिळकांडी आली आणि इंजिनिअरसाहेबांचा सदरा छातीपासून खाली भिजला. आत पाण्याचा मुख्य पाइप होता. अख्खी इमारत दिवसभर कोरडी बसली. प्लंबर आला, त्याने भोकाकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं की हे कुणाचं काम, त्याला आमच्याकडे पाठवा, शिकवून सोडतो. प्लंबर सेक्रेटरींच्याच दुकानातून ड्रिल घ्यायचा. सगळे सेक्रेटरींकडे बघत राहिले, आणि ते सगळ्यात वाईट.

त्या प्रसंगापासून बाजारात कुजबुज सुरू झाली की ड्रिलवाल्यांचा हात गेला. हात गेला एवढ्यावर भागलं म्हणून सेक्रेटरींनी सुटकेचा निःश्वास टाकला. हात गेला तर माणूस वयाला दोष देऊ शकतो.

शेवटी लाइन आली, दिवा आला, दिवस ठरला. सेक्रेटरींनी दुकानातून वेल्डिंगचे काळे गॉगल आणले, कमिटीत माणशी एक. लेझरला गॉगल लागतात एवढं त्यांनी ऐकलं होतं, आणि आपल्या दुकानातली वस्तू उपयोगाला आली तर तेवढीच भरपाई, हा हेतू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हे गॉगल ठिणग्यांसाठी चांगले, पण लेझरसाठी त्या त्या उजेडाला साजेसेच गॉगल लागतात, आणि तसे आपल्याकडे तीनच आहेत, एक माझा, एक नर्सचा, एक तुमचा. त्यामुळे कमिटीने बाहेर बसावं. कमिटी बाहेर बसली, पण गॉगल फुकट आलेले असल्याने ते कुणी काढले नाहीत. वेटिंग रूममध्ये लाल दिव्याखाली ओळीने बसलेली ती मंडळी, कुणाला काही दिसत नाही, आणि सगळ्यांची तोंडं दाराकडे. शेवटच्या खुर्चीत सेक्रेटरींची बायको, तिलाही गॉगल. आत जाताना सेक्रेटरींनी तिच्याकडे बघून हात हलवला. तिने काहीच केलं नाही, कारण तिलाही काही दिसत नव्हतं.

आत खुर्ची मागे झुकली. डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा घालून फोटो काढला, फोटोकडे बघितलं, पुन्हा तोंडात बघितलं आणि म्हणाल्या, "दोन दाढा आहेत. पुढचीला आधी हात लावू, मागचीचं मग बघू." सेक्रेटरी उदारपणे म्हणाले, तुमच्या सोयीने.

आणि काय सांगावं, झालं सगळं बाईंनी सांगितलं तसंच. फट् फट् फट् असे बारीक आवाज, गार फवारा, थोडासा जळका वास, आणि दाढेवर कुणी नखाने टिचक्या माराव्यात एवढाच त्रास. सेक्रेटरींनी आधी एक मूठ सोडली, मग दुसरी. मग पायावर पाय टाकला. पुढच्या सभेत करायच्या भाषणाची पहिली दोन वाक्यंही मनात तयार झाली. भाषणात इंजिनिअरसाहेबांचा उल्लेख होता आणि तो फार प्रेमळ नव्हता. बाईंनी खळगा भरला, घासला, बोट फिरवून बघितलं. पुढची दाढ झाली.

"आता मागची," त्या म्हणाल्या. "खरी दुखतेय ती हीच. पण काका, हिला लेझर चालायचं नाही."

सेक्रेटरींनी टाकलेला पाय खाली घेतला.

"हिच्यात जुनी चांदी भरलेली आहे. कीड तिच्याखाली गेलीय. लेझर धातूवर चालत नाही, उजेड उलटा फिरतो आणि धातू तापतो. चांदी काढायची तर ड्रिलच लागणार. मी विचारलं होतं तुम्हाला, आधी काही भरलंय का म्हणून."

सेक्रेटरींच्या पाचावर धारण बसली. खाजगी माहिती खाजगी ठेवल्याचे परिणाम इतके सार्वजनिक असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी खोलीचा अंदाज घेतला. खिडकीला गज. दार एकच, आणि दाराबाहेर गॉगल लावलेली अख्खी कमिटी. तिच्यातून मान वर करून निघून जाणं एक वेळ जमलंही असतं, नाहीतरी त्यांना काही दिसत नव्हतं. पण शेवटच्या खुर्चीत बायको बसली होती. आपण आत्ता उठलो तर ती आयुष्यात या खोलीत पाऊल टाकणार नाही, दाढ सोसत राहील, ओठ मिटून घरात फिरत राहील. एवढं त्यांना लख्ख दिसलं.

"जरा दाखवा ते," ते म्हणाले. "तुमचं ड्रिल."

बाईंनी ते त्यांच्या हातात दिलं. पेनाएवढं होतं, वजन जवळजवळ नाहीच. सेक्रेटरींनी सवयीने ते उलटसुलट केलं, बिट पकडणारा चक बघितला, बिट उजेडात धरलं. मोटर कुठे आहे? मोटर नाही, बाई म्हणाल्या, आत एक इवलीशी चक्री आहे, ती दाबलेल्या हवेवर फिरते. बिटाला काय लावलंय? हिऱ्याची कणी. आणि फेरे? मिनिटाला तीनेक लाख.

दुकानातलं त्यांचं सगळ्यात पळणारं मशीन तीन हजारांवर धापा टाकायचं. "चालवा बघू एकदा," ते म्हणाले. "तोंडाबाहेर." बाईंनी पायाने पेडल दाबलं. आवाज बारीक आणि सरळ निघाला. सेक्रेटरींनी मान कलती करून ऐकलं, डावा कान दिला, मग उजवा दिला. कुठे खडखड नव्हती.

"बेअरिंग उत्तम आहे," असं प्रमाणपत्र देऊन त्यांनी तोंड उघडलं.

त्यांची भीती गेली असं म्हटलं तर ते खोटं होईल. भीती जागची हलली नाही. फक्त तिच्या शेजारी धंद्याचं कुतूहल येऊन बसलं आणि दोघांत जागेवरून भांडण लागलं. इंजेक्शनने अर्धा ओठ आणि जीभ झोपली. मग ते पेनाएवढं यंत्र आत गेलं आणि जुन्या चांदीला लागलं तेव्हा आवाज एकदम वर चढला. इतका की दारापलीकडे तो नीट ऐकू गेला.

दारापलीकडे आतापर्यंत लाह्या फुटत होत्या आणि मंडळी खूश होती. वहिनींनी तर वर पलंग शाबूत असल्याची खात्रीही एकदा करून घेतली होती. यंत्राची ती किंकाळी ऐकल्यावर आधी इंजिनिअरसाहेबांना आठवलं की घरी गॅस चालू राहिलाय. मग इतरांनाही आपापल्या घरचे गॅस आठवले. निघताना गॉगल काढायचं भान कुणाला राहिलं नाही, त्यामुळे दोघे चपलांच्या कपाटात गेले आणि एक जण डॉक्टरीणबाईंच्या पाटीला नमस्कार करून सुटला. ज्यांना सापडल्या त्यांनी चपला घातल्या. त्या स्वतःच्याच होत्या असं नाही.

काम संपल्यावर सेक्रेटरी बाहेर आले तेव्हा त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा पराक्रम बघायला खोलीत कुणीही नव्हतं. शेवटच्या खुर्चीत फक्त बायको होती. डोळ्यांवर काळा गॉगल, दोन्ही कानांत बोटं, आणि चेहरा पांढराफटक. पळून जायला तिलाही कुणी अडवलं नव्हतं. सेक्रेटरींना ते बघून भरून आलं.

त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला. तिने गॉगल वर केला, यांचा एका बाजूला ओघळलेला चेहरा बघितला आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"चला घरी," ती म्हणाली. "मला नाही जमणार. तुमचं ठीक आहे हो, तुम्हाला मुळात भीतीच वाटत नाही. मी भित्री आहे. वर्षभर तुमच्या वेळेचं निमित्त करून मी टाळत आले. मला तुमच्यासारखं नाही होता येत."

ज्या फुशारकीवर त्यांनी इतकी वर्षं दुकान चालवलं, कमिटी चालवली, संसार चालवला, तीच आता तिच्या वाटेत आडवी पडलेली होती. तो ड्रिलचा आवाज रस्त्यावरचा होता, असं सांगता आलं असतं. तिने विश्वासही ठेवला असता. त्यांनी एकदा दाराकडे बघून घेतलं, आणि ते बोलले. अर्धा ओठ झोपलेला असल्यामुळे तिला काही कळलं नाही. ते पुन्हा बोलले. ती म्हणाली, काय? मग मात्र ते तिसऱ्यांदा, एकेक शब्द सुटा करून, सभेत बोलतात त्या आवाजात बोलले.

"मी. ड्रिलला. भितो. कॉलेजपासून. आता लावलं तेही ड्रिलच. जुन्या चांदीसाठी. तुझ्या दाढेत चांदी नाही. तुला लावणार नाहीत."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. काँक्रीटचा ठोकळा, चहाचा कप, भिणाऱ्यांनी घरात बसावं, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं असावं, कारण आधी तिचे खांदे हलले, मग पोट हललं, आणि मग वर्षभर कोंडलेलं ते सात मजली हसू एकदम फुटलं. तोंड आ वासलं, गार हवा आत गेली, आणि कळ अशी आली की ती गाल धरून उभीच राहिली.

"भित्रे कुठले," ती कळवळत, हसत म्हणाली, आणि पुन्हा कळ यायच्या आत आतल्या खोलीत शिरली. दारावरचा लाल दिवा लागला.

आत फट् फट् सुरू झालं. बाहेर सेक्रेटरींनी कानांत बोटं घातली. ते घामाघूम झाले; स्वतःच्या वेळचा घाम त्यांनी जणू यासाठीच राखून ठेवला होता.

थोड्या वेळाने दोघं जिना चढायला लागली. तिला इंजेक्शनही लागलं नव्हतं, त्यामुळे ती अखंड बोलत होती आणि यांना उत्तर देता येत नव्हतं. लग्न झाल्यापासून अशी संधी तिला प्रथमच मिळत होती. पहिल्या मजल्यावर वहिनी दार किलकिलं करून उभ्या होत्या. गॉगल अजून कपाळावर होता. आत नक्की काय झालं, हे विचारायच्या आधी त्यांनी वेगळंच विचारलं. मघाशी खाली मोठ्याने कुणीतरी "भितो" असं ओरडलं. आवाज सेक्रेटरींचा वाटला. खरं का?

सेक्रेटरींनी जिन्याचा कठडा धरला. उद्या बाजारभर होणार, हे त्यांना दिसायला लागलं.

"छे हो, हे कशाला भितील," बायको म्हणाली. "मी म्हणत होते, मी भिते म्हणून. हे मला समजावत होते. यांना तर चक्क ड्रिल लावलं. मशीन हातात घेऊन तपासलं यांनी, मग तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंनीच मला आत सांगितलं, हवं तर त्यांना विचारा."

वहिनींनी सेक्रेटरींकडे आदराने बघितलं. आणि सेक्रेटरींना, काय झालं कुणास ठाऊक, ते सहन झालं नाही. तिने भित्रेपणा स्वतःच्या अंगावर घ्यावा आणि आपण कठडा धरून मिरवावं, हे त्यांच्या जिवाला लागलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि झोपलेल्या ओठांनी वहिनींना सगळं खरं खरं सांगून टाकलं, पहिल्यापासून, हातवारे करून. वहिनींना त्यातलं अक्षरही कळलं नाही.

"काय म्हणतायत?" त्यांनी घाबरून विचारलं.

"म्हणतायत," बायको म्हणाली, "पुढची दाढ तुमची."

दार धाडकन लागलं. आणि ती बाई जिन्यात मटकन बसून, तोंड हे एवढं उघडून हसत सुटली. सेक्रेटरी सवयीने तिच्या गालाकडे बघत राहिले, पण तिचा हात गालाकडे गेला नाही.